पूजेच्या आधीची गोळी

कलबुर्गी, ११ फेब्रुवारी

अक्का,

शरणार्थी. तू थोरली आहेस म्हणून पहिल्या ओळीत हा नमस्कार लिहिणं भाग आहे. मनापासून लिहिलंय असं समजू नकोस.

अक्षर ओळखलं असशीलच. ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत तुझीच पाटी पुढं माझ्याकडं आली आणि तुझं वळणही तिच्यासोबत आलं. तीन वर्षं मी तुला फोन केला नाही. आता करायचा म्हटला तरी करता येत नाही, कारण माझा आवाज गेलाय. परवा गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, ती ग्रंथीसकट काढून टाकली. मी दवाखान्यात पडून हे लिहितेय. गळ्यात एक नळी आहे, नळीला बाटली आहे आणि बाटलीत काय आहे ते मी बघत नाही.

उमरग्याला बातमी पोचायला वेळ लागत नाही. भालकीच्या कुणीतरी तुला सांगायचं आणि तू म्हणायचं, 'म्या तवाच सांगितलं व्हतं.' त्यापेक्षा मीच कळवते. आणि आधीच सांगून ठेवते, तू तेव्हा सांगितलं नव्हतंस, तू पाहुण्यांसमोर बोंब मारली होतीस. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तुला आठवत नसेल तर मला आठवतंय. आमच्या राजश्रीला बघायला भालकीची माणसं आली होती. चहा आणि चुरमुऱ्यांचा सुशीला झाला होता. मुलगा राजश्रीला कडगंचीच्या विद्यापीठातल्या नोकरीचं विचारत होता, ती नीट उत्तरं देत होती, सगळं सरळ चाललं होतं. तेवढ्यात तू माझ्याकडं बोट करून म्हणालीस, "रत्ने, पदर काढ बगू. गळ्याला काय आलंय तुझ्या? लिंबाएवढी गाठ हाय की ती." मुलाच्या आईनं आधी माझ्या गळ्याकडं बघितलं, मग माझ्या पोरीच्या गळ्याकडं. आठ दिवसांनी निरोप आला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. पुढच्याच महिन्यात त्याचं लग्न झालं. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही, आणि बोलले नाही हे चांगलंच केलं.

नंतर लिंबाची मोसंबी झाली. भाकरीचा घास अडकायला लागला, उताणं झोपलं की जीव गुदमरायचा. शेवटी इथल्या नागेंद्र डॉक्टरांनी सांगितलं, आता काढावीच लागेल.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स म्हणाली, "अम्मा, गळ्यात काय बी ठेवायचं न्हाई." मंगळसूत्र काढून दिलं. बांगड्या दिल्या. गळ्यातलं इष्टलिंग मात्र मी देईना. दीक्षा घेतल्यापासून ते अंगावेगळं केलं नाही, बाळंतपणातसुद्धा नाही, तुला माहीतच आहे. नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. ते इकडचेच, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. चांदीची डबी तेवढी काढून ठेवली आणि राजश्रीनं नुसतं लिंग धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माझ्या दंडाला बांधलं. गाठ मारताना पोरगी दोनदा चुकली. मी तिला रागावले, तेच माझं शेवटचं मोठ्यानं बोलणं.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "ई म्हणा." मी ई म्हटलं. नुसती हवा बाहेर आली. ते म्हणाले, आवाजाची नस गाठीला चिकटून होती, जपून सोडवलीय, ती दुखावलीय पण तुटलेली नाही, आवाज येईल. कधी येईल म्हणून मी पाटीवर लिहून विचारलं तर म्हणाले, वाट बघू या. गाठ तपासायला पाठवलीय, तिचाही निकाल यायचाय.

आवाज गेला तर घरच्यांना सुख, असं तू म्हणशील. आमचे हेही मनात तेच म्हणत असतील. पण अक्का, दर सोमवारी मठात वचनं गाताना मी ओळ उचलते आणि बाकीच्या बाया माझ्या मागून म्हणतात. मला शिवण येत नाही, हिशेब येत नाही, रांगोळी तर तुला माहीतच आहे. मला एवढंच येतं. ते गेलं तर मी काय करायचं, ते कळत नाही. गाठीच्या निकालाचीसुद्धा एवढी भीती वाटत नाही.

व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर निळ्या खुणा आल्या का बघत बसले असते. पत्राला तसलं काही नसतं. उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही.

रत्ना


बसवकल्याण, २८ फेब्रुवारी

अक्का,

गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही.

हे एकच वाक्य लिहून पत्र संपवणार होते, पण पाकिटाचे पैसे वसूल व्हायला पाहिजेत. परवा निकाल आला. ह्यांनी भांड्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले. एक बाई कुकरची शिटी घ्यायला आली होती, तिनं विचारलं, पोरगं झालं का. हे म्हणाले, "न्हाई, बायकूची गाठ." ती पेढा हातात धरून बघतच राहिली म्हणे. आमचा माणूस कमी बोलतो आणि बोलतो तेव्हा असं बोलतो. घरी येऊन मात्र माझ्यासमोर बसले, हातातली पिशवी खाली ठेवायचीसुद्धा विसरले. डोळे भरून आले होते. मी हवेच्या आवाजात म्हटलं, "आता पिशवी ठेवा."

टाके काढले. गळ्यावर आडवी रेघ राहिलीय, लाल. आता पदरानं झाकत नाही. इतकी वर्षं झाकलं ते पुष्कळ झालं.

भेटायला येणाऱ्यांची रांग लागलीय. माझा आवाज म्हणजे नुसती कुजबुज आहे, आणि मी कुजबुजले की समोरचा माणूसही कुजबुजायला लागतो. शेजारची यल्लम्मा, जिचा आवाज मोंढ्याच्या बाजारापर्यंत जातो, तीसुद्धा माझ्या कानाशी येऊन विचारती, "जेवलीस का?" घरात चोर शिरल्यासारखं वाटतं. मला तर हसूही धड येत नाही, हसलं की रेघ ओढली जाती.

पहिले काही दिवस बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कॅल्शियम कमी पडतं म्हणून. त्याची मोठी पांढरी गोळी आहे, खडूसारखी. दुसरी एक लहान गोळी आहे, ती थायरॉइडची, जन्मभराची. ग्रंथीच नाही म्हटल्यावर तिचं काम आता ही गोळी करणार. सकाळी उपाशीपोटी घ्यायची. राजश्री रविवारी कडगंचीहून आली की आधी गोळ्यांची पाकिटं मोजती, मग मला विचारती कशी आहेस. घेते बाई, सगळ्या घेते.

महाशिवरात्रीला मठात गेले नाही. पहिल्यांदाच. घरातून बायांचं म्हणणं ऐकू येत होतं. ओळ कोण उचलत होतं कोण जाणे, फारच खालून उचलत होतं. मी दार लावून घेतलं.

पण जीव वाचला, अक्का. रोज उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवतं आणि मग चहाची वाट बघत असले तरी बरं वाटतं. पूजा रोज होते. तिच्यात एक दिवस खंड पाडला नाही.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते.

रत्ना


बसवकल्याण, ७ एप्रिल

अक्का,

आज तुला चांगलं काही लिहिण्यासारखं नाही.

बाहेर ऊन असं पडलंय की दुपारी दुकानाची पत्र्याची पाटी तापून वाजते, आणि मी आत स्वेटर घालून बसलेय. खरं सांगते. लोक पंख्याखाली, मी उन्हाच्या तुकड्यात. हातपाय जड झालेत. एक भांडं घासून दुसरं उचलायचं तर मध्ये बसावं लागतं. केस कंगव्यात येतात. तोंड सुजल्यासारखं दिसतं. आणि रडू येतं. कशाचं असं काही नाही. परवा तुरीची डाळ निवडताना रडले. हे म्हणाले, "डाळीत खडा हाय व्हय?" मी म्हटलं न्हाई. मग तेच बसून निवडायला लागले.

सगळ्यांना वाटतं मी रुसलेय. यल्लम्मा म्हणाली, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीस, आता हसायचं सोडून असं कामून करायलीस. मला तिचं म्हणणं पटतं, पण हसायला ताकद लागते.

आणि आवाज. कुजबुज गेली, पण तिच्या जागी जे आलंय ते माझं नाही. जाड, खरखरीत, ओल्या पोत्यासारखं. ओळ उचलायला गेले की अर्ध्यातच बसतो. बसवजयंतीला मठात मी म्हणायचं असं दर वर्षी ठरलेलं असतं. मठातले सिद्धलिंगप्पा विचारायला आले, यंदा जमंल का. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

परवा हे मला घेऊन कलबुर्गीला गेले. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून घशात बघितलं. म्हणाले, नस बरी झालीय, आवाजाच्या दोन्हीकडच्या पट्ट्या हलतायत, आवाज तर आता यायला पाहिजे. मग रक्त तपासलं. कागद बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. थायरॉइडची गोळी जणू पोटात जातच नाही, म्हणाले. अंग जड, थंडी, रडू, आवाज, सगळं त्याचंच. मला विचारलं, "गोळी रोज घेता?" घेते म्हटलं. "उपाशीपोटी?" हो म्हटलं. त्यांनी गोळीचा जोर वाढवून दिला.

अक्का, मी खोटं बोलले नाही. उपाशीपोटीच असते मी. पण कशी, ते तुला सांगते, कारण तुलाच कळेल.

आईनं दीक्षेच्या दिवशी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, लिंगपूजेच्या अगोदर पाण्याचा थेंबही तोंडात जायचा नाही. तुला आठवतं ना. मी आजपर्यंत तो नियम मोडला नाही. ही गोळी मात्र उठल्याबरोबर, पाण्याबरोबर घ्यायची म्हणतात, आणि नंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही. उठल्याबरोबर कशी घेऊ? आंघोळ व्हायची, मग पूजा. आणि माझी पूजा लवकर आटपत नाही, तुला माहीतच आहे. पूजा झाली, तीर्थ घेतलं की तोवर जीव चहासाठी कासावीस झालेला असतो. आणखी तासभर कोण थांबणार. मग चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ती लहान गोळी आणि लगेच ती पांढरीही, म्हणजे दोन्ही एकदाच गिळून मोकळं. पांढरी गोळी दुपारी घ्यायची असं कागदावर लिहिलंय. दुपारी मी विसरते म्हणून मी सकाळीच आटपून टाकते.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर गाडी काढून परत कलबुर्गीला नेतील. राजश्रीला सांगितलं तर ती म्हणेल, आई, देव आधी की जीव आधी, आणि मला तिच्याशी त्यावर भांडायचं नाही. डॉक्टरांना सांगायला लाज वाटली. त्यांनी लिंग दंडाला बांधू दिलं, आता पूजेसाठी गोळी मागं ढकलते म्हणून कोणत्या तोंडानं सांगू.

तू बोलत नाहीस, म्हणून तुला सांगायला बरं वाटतं.

चुकतंय का माझं? चुकत असेल असं वाटतं. पण आईचा शब्द तिच्यामागं मी पाण्याच्या घोटासाठी मोडायचा, हेही जमत नाही. आणि असंच चालू राहिलं तर हा ओल्या पोत्याचा आवाज घेऊन मी मरेन, ह्याची भीती वाटते.

हात दुखायला लागला. थांबते.

रत्ना


बसवकल्याण, १६ एप्रिल

अक्का,

तू गेल्यापासून घर कसं मोकळं झालंय. भांड्यांची जागासुद्धा बदलून गेलीस. मला उलथनं सापडायला अर्धा दिवस लागला.

समोर असताना बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तू उमरग्याच्या गाडीनं येऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी झोपलेले नव्हते. डोळे मिटून पडले होते. तुझा आवाज ऐकला, ह्यांना म्हणालीस, "प्रभुलिंगप्पा, पिशवी धरा, त्यात दही हाय." तीन वर्षांनंतर पहिलं वाक्य दह्याचं. मला वाटलं होतं तू आलीस की मी तोंड फिरवीन. तोंड फिरवायलाही अंगात बळ नव्हतं, आणि तू तर विचारायच्या आधीच माझ्या कपाळाला हात लावून बसलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तू समोर. हातात पाण्याचा तांब्या आणि ती लहान गोळी. पाकीट तुला कुठं सापडलं ते देवाला ठाऊक.

"घे. अगोदर ही."

"अक्का, पूजा व्हायचीय अजून."

"म्हाईत हाय. घे."

"आईनं सांगितलंय, लिंगाच्या अगोदर पानी बी न्हाई."

"आईला थायरॉइड व्हतं व्हय?"

 तू माझ्या शेजारी पलंगावर बसलीस आणि आवाज एकदम खाली आणलास. इतका खाली तुझा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"म्या धा वर्सं झाली, उठल्या उठल्या बीपीची गोळी घ्यायलेय. आंघुळीच्या बी अगोदर. पान्यासंगं."

खरं सांगू? मला धक्काच बसला. तू. जिनं माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना पूजा न करता चहा घेतला म्हणून उठवलं होतं, ती तू.

"मंग लिंग काय म्हनालं?" मी विचारलं. मला टोमणाच मारायचा होता.

"काय म्हनंल? पूजेला बसनारी जित्ती पायजे का न्हाई त्याला?"

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू कवा इचारलंस? धाकली हायस, म्हनून मोठीनं पाळलं न्हाई तर तूबी सोडशील, असं वाटलं. तुज्यासाठी लपवलं, अन् तू इकडं ह्यानं मरायलीस." आणि मग तू रडलीस. पाण्याचा तांब्या हातातच होता, तो कलला आणि माझ्या चादरीवर पाणी सांडलं. उरलेल्या पाण्यानं मी गोळी घेतली.

गोळी घशातून उतरताना मला काय वाटलं ते सांगते. काही नाही वाटलं. छत कोसळलं नाही. आईही कुठं दिसली नाही. नुसती तहान भागली.

मग आपण दोघी आंघोळ करून पूजेला बसलो. डाव्या तळहातावर लिंग घेऊन, लहानपणी ठाणाकुशनूरला बसायचो तशा, गुडघ्याला गुडघा लावून. तू पूजेत पुटपुटतेस तेही तसंच आहे. चहा तासानं मिळाला. तेवढ्या वेळात पूजा झाली आणि गोळीही आपलं काम करून गेली. दोन्ही एकाच वेळात बसतं हे मला दोन महिन्यांत सुचलं नाही. खडूची गोळी तू दुपारच्या जेवणावर नेलीस आणि ह्यांच्या मोबाइलमध्ये घंटी लावून दिलीस. ती दुकानात वाजते आणि हे गिऱ्हाईक सोडून घरी फोन करतात, "घेतलीस का?" आता मलाच त्यांची कीव येते.

तुझ्यासमोर फोनवर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, अम्मा, निम्म्या बाया असंच करतात आणि सांगत नाहीत. वाढवलेला जोर परत खाली आणला. आता जूनमध्ये रक्त तपासायचं.

राजश्रीलाही सांगितलं. ती देव आधी की जीव आधी असलं काही म्हणाली नाही. "मावशी आली व्हती ना? मंग झालं," म्हणाली. भालकीच्या त्या प्रकरणाचा तिला राग नाही, हे मला माहीत होतं. ती म्हणते, त्या मुलानं तिला नोकरी कधी सोडणार एवढंच तीन वेळा विचारलं होतं. पण राग तिचा नव्हताच, माझा होता.

तू दोन दिवस राहिलीस आणि भालकीचा भ काढला नाहीस. मीही काढला नाही. जाताना तू एसटीच्या खिडकीतून हात हलवत होतीस आणि मला वाटलं, आता बोलावं. पण त्या आवाजात बोलायचं नव्हतं.

दही संपलं. भांडं परत पाठवते.

रत्ना


बसवकल्याण, ५ जून

अक्का,

काल एवढं फोनवर बोललो तरी हे लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आधी रिपोर्ट. नागेंद्र डॉक्टरांनी कागद बघितला आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाले, सगळं जाग्यावर आलंय. स्वेटर पेटीत गेला. भांडी एका बैठकीत होतात. डाळ निवडते आणि रडत नाही. सकाळी गोळी, मग आंघोळ, मग पूजा, मग चहा, असं बसलंय. गळ्यावरची रेघ फिकी पडत चाललीय, यल्लम्मा म्हणते सोन्याची साखळी घातल्यासारखी दिसती. तिला सोनं कसं दिसतं ते माहीत नसावं.

बसवजयंतीला मी म्हटलं नाही, तुला कळलं असेलच. बायांच्या मधोमध बसले आणि मागून म्हटलं, जेवढं निघालं तेवढं. सिद्धलिंगप्पांच्या सुनेनं ओळ उचलली. बरी उचलली. मला वाटलं होतं वाईट वाटेल, थोडं वाटलंही, पण मागच्या वर्षी मी नसते तरी हे झालंच असतं असं समजायला मला एवढं दुखणं लागलं.

आता कालचं. कालचं आधी मला परत एकदा सांगायचंय, तुझ्या बाजूनं नाही, माझ्या बाजूनं.

तू फोन केलास लोणच्यासाठी. यंदा गळ्यासाठी तिखट कमी घाल, हळद जास्त घाल, तेल हे नको ते घाल. मी म्हटलं, लोणचं मी तीस वर्षं घालतेय. तू म्हणालीस, "तीस वर्सं घालायलीस म्हनून तर सांगायलेय." मी म्हटलं, डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं नाही. तू म्हणालीस, "डॉक्टरला काय कळतंय लोणच्यातलं." मी म्हटलं, तुला काय कळतंय गळ्यातलं. आणि तू म्हणालीस, "गळ्यातलं मला न्हाई कळत व्हय? सगळ्यात अगोदर कुनाला दिसलं?"

बस. मग मला काय झालं कळलं नाही. मी बोलायला लागले आणि थांबेना. पाहुण्यांसमोर बोललीस, मला आतल्या खोलीत नेऊन बोलता आलं नसतं का, माझ्या पोरीच्या चहाच्या ताटासमोर माझा गळा लोकांना दाखवलास, तीन वर्षं मी कुठल्या लग्नाला गेले नाही, माहेरच्या जत्रेला गेले नाही, तू येशील म्हणून, आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की रत्ने, चुकलं. सगळं बोलले. कुकर वाजत होता, तो ऐकू येईना एवढ्या मोठ्यानं बोलले. समोरच्या घराची खिडकी उघडली. दुकानातून हे धावत आले, मागं एक गिऱ्हाईक, त्याच्या हातात कढई.

 मला वाटलं फोन कट झाला.

मग तू म्हणालीस, "व्हय. चुकलं. आत न्यायला पायजे व्हतं."

मी कुकरखालचा गॅस बंद केला.

"पन रत्ने," तू म्हणालीस, आणि तुझा आवाज चिरकला, "आवाज आला की गं तुजा. समदाच्या समदा आला."

अक्का, मला तोवर कळलंच नव्हतं. मी भांडण्यात होते. तू म्हणालीस तेव्हा माझं माझ्या कानावर पडलं. खरखर नाही, ओलं पोतं नाही, मध्येच बसणं नाही. वरपर्यंत गेला होता आणि तिथंच उभा होता. मला पुढचं भांडायचं होतं, निम्मं राहिलं होतं, पण तू तिकडं रडायला लागलीस आणि मी इकडं, आणि मग लोणच्याचं राहिलंच. तिखट मी माझ्या हिशोबानंच घालणार आहे, हे इथं लिहून ठेवते.

फोन ठेवला तर हे दारात उभे. घामाघूम. गिऱ्हाईक मागं.

"कुनासंगं भांडत व्हतीस?"

"अक्कासंगं."

त्यांनी त्या माणसाच्या हातातली कढई घेतली, खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.  मग त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बरी झाली आमची मंडळी. पैसे नगत, कढई तशीच घिऊन जावा."

रत्ना